हिरडीतील लसीकावाहिन्या : सूज, निचरा आणि संरक्षण

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



पायाला काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. जखम पायाच्या अंगठ्याला आणि गाठ जांघेत, हा संबंध वैद्यकाचे पुस्तक न उघडताही आजीच्या लक्षात येत असे. तोच प्रकार तोंडाच्या बाबतीतही घडतो. मुलाची दाढ किडून हिरडी सुजली म्हणजे जबड्याच्या हाडाखाली, गळ्याच्या बाजूला, सुपारीएवढी दुखरी गाठ हाताला लागते. दाढ वर, गाठ खाली, आणि मधला मार्ग मात्र डोळ्यांना दिसत नाही. हा अदृश्य मार्ग म्हणजेच लसीकावाहिन्या. हिरडीला सूज आली असता या वाहिन्या नेमके काय करतात, त्या रोग पसरवतात की रोगाला आवर घालतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘लसीका’ हा शब्द नव्याने घडवलेला नाही. चरकसंहितेत त्वचेखालच्या आणि जखमेत दिसणाऱ्या द्रवासाठी तो आलेला आहे. बोलीतही ‘जखमेतून लस येते’ असे आपण म्हणतो. युरोपात या द्रवाला ‘लिंफ’ हे नाव मिळाले ते निर्मळ पाणी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. दोन्हीकडच्या जाणकारांच्या नजरेत तो पारदर्शक, किंचित पिवळसर द्रव भरला होता. मात्र त्याला वाहून नेणाऱ्या स्वतंत्र नळ्या शरीरात आहेत, हे कळण्यास सतरावे शतक उजाडावे लागले.

१६२२ सालच्या जुलै महिन्यात इटलीतील गास्पारे आझेली हा शरीरशास्त्रज्ञ एका कुत्र्याचे विच्छेदन करून आपल्या मित्रांना स्वरयंत्राच्या मज्जातंतू दाखवीत होता. कुत्र्याला नुकतेच खाऊ घातलेले होते. पोट उघडताच आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या धाग्यांचे जाळे दिसले. आझेलीला प्रथम ते मज्जातंतू वाटले, पण त्यातील एक धागा टोचताच दुधासारखा द्रव बाहेर आला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १६५१ मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके याने हा द्रव छातीतील एका मोठ्या नळीतून रक्तात मिसळतो, असे दाखवून दिले. त्याच सुमारास स्वीडनचा ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कचा टोमास बार्थोलिन या दोघांनी सर्व शरीरभर पसरलेल्या अशा वाहिन्यांचे वर्णन केले आणि शोधाचा मान कोणाचा, यावरून त्यांच्यात वादही माजला. नाव मात्र बार्थोलिनने दिलेले टिकले. १७८७ मध्ये सिएना येथील पाओलो मास्काञ्यी याने पारा भरून या वाहिन्यांची जी चित्रे सिद्ध केली, ती आजही पाहणाऱ्याला थक्क करतात.

आता या वाहिन्यांचे कार्य पाहू. रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून वाहत असताना त्यातील थोडा द्रव सतत पेशींच्या मधल्या जागेत पाझरत असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला असा सुमारे आठ लिटर द्रव रक्तवाहिन्यांबाहेर येतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत यातील बहुतेक द्रव केशवाहिन्यांच्या शिरेकडील टोकाशी परत शोषला जातो आणि उरलेला अल्प भाग तेवढा लसीकावाहिन्यांकडे जातो, असे शिकवले जाई. एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या फेरतपासणीनंतर हे मत बदलले. बहुतेक ऊतींत पाझरलेला द्रव परत आणण्याची मुख्य जबाबदारी लसीकावाहिन्यांवरच असते, असे आता मानले जाते. जिला पूर्वी गटाराची उपनाली समजले जाई, तीच मुख्य नाली ठरली. ती तुंबली तर काय होते, हे हत्तीरोगाने सुजलेला पाय ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

लसीकावाहिनीची सुरुवात एका बंद टोकाने होते. हातमोज्याच्या बोटासारखी ती ऊतीत खुपसलेली असते. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असून या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. दोन पेशी सलग शिवलेल्या नसून ठिकठिकाणी बटणे लावावीत तशा जोडलेल्या असतात, हे २००७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाले. दोन बटणांमधल्या फटीतून द्रव, प्रथिने आणि पेशी आत शिरतात. शिवाय वाहिनीच्या बाहेरच्या अंगाला बारीक तंतू असतात. ते आजूबाजूच्या ऊतीत रुतलेले असतात. ऊतीला सूज आली की हे तंतू ताणले जातात आणि भिंतीच्या फटी अधिक उघडतात. रक्तकेशिका असती तर बाहेरच्या दाबाने चेपली गेली असती. लसीकावाहिनी मात्र सुजेमुळेच उघडते. निसर्गाची ही योजना साधी आणि कौतुकास्पद आहे.

पुढे या सूक्ष्म वाहिन्या मोठ्या वाहिन्यांना मिळतात. त्यांना झडपा असतात आणि भिंतीत आकुंचन पावणारे स्नायू असतात. हृदयासारखा एकच मोठा पंप येथे नाही. झडपांमधला प्रत्येक तुकडा आपापल्या परीने आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतो. त्याला आसपासच्या स्नायूंच्या हालचालीचेही साहाय्य होते. उंदराच्या डोक्यातील लसीकावाहिन्यांचा सविस्तर नकाशा २०१६ मध्ये जर्मनीतील अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. त्वचा आणि तोंडाचे अस्तर या दोन ठिकाणी या वाहिन्यांची दाटी सर्वाधिक असल्याचे त्यांना आढळले. जबड्याच्या सांध्याजवळही त्या असल्यामुळे चघळणे आणि जांभई देणे या क्रियांनी लसीकेच्या प्रवाहाला मदत होत असावी, असे त्यांनी सुचवले.

तोंडातच ही दाटी का असावी, याचे उत्तर कठीण नाही. तोंड हे शरीराचे महाद्वार आहे. तेथे अन्नाबरोबर, हवेबरोबर असंख्य जिवाणू येतात आणि कित्येक तर कायमचे बिऱ्हाड करून राहतात. त्यातही हिरडी आणि दात यांचा सांधा हा एकंदर शरीरातील विलक्षण सांधा म्हटला पाहिजे. कठीण दात मऊ अस्तर भेदून बाहेर येतो आणि दोहोंमध्ये एक अरुंद खाच राहते. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचला, त्याचे किटण झाले, की या खाचेतून जिवाणूंची विषारी द्रव्ये हिरडीत झिरपतात. हिरडी लाल होते, फुगते, दात घासताना रक्त येते. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यातील १५ रोग दंतमूलाचे म्हणजे हिरड्यांचे आहेत. पू आणि रक्त वाहून दात हलू लागतात अशा ‘दंतवेष्ट’ नामक व्याधीचे वर्णन त्यात आहे. रोग जुनाच आहे. त्यामागची यंत्रणा तेवढी नव्याने उलगडत आहे.

हिरडीला शोथ आला म्हणजे प्रथम तेथील रक्तकेशिका रुंदावतात आणि अधिक गळू लागतात. ऊतीत द्रव साचतो, दाब वाढतो. हिरडीपुढे या जादा द्रवाला बाहेर घालवण्याचे दोन मार्ग असतात. एक मार्ग दात आणि हिरडी यांमधल्या खाचेतून थेट तोंडात उघडतो. ब्रिल आणि क्रासे या संशोधकांनी १९५८ मध्ये कुत्र्यांच्या शरीरात चमकणारे रंगद्रव्य सोडले असता ते हिरडीच्या खाचेत उतरलेले त्यांना दिसले. दुसरा मार्ग लसीकावाहिन्यांचा. पहिल्या मार्गाने द्रव तोंडात जाऊन संपतो, दुसऱ्या मार्गाने गेलेला द्रव मात्र वर्दी घेऊन जातो. हा फरक महत्त्वाचा आहे.

ही वर्दी कोण पोहोचवते? ऊतीत पहारा देणाऱ्या काही पेशी असतात. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरलेल्या म्हणून त्यांना शाखी पेशी म्हणता येईल. या पेशी जिवाणूचे तुकडे गिळतात आणि लसीकावाहिनीच्या भिंतीतून स्रवणाऱ्या एका रासायनिक खुणेच्या रोखाने चालत जाऊन तिच्या आत शिरतात. तेथून त्या लसीका ग्रंथीत पोहोचतात. खालच्या पुढच्या दातांजवळच्या हिरडीची लसीका हनुवटीखालच्या ग्रंथींकडे, बहुतेक इतर दातांकडची जबड्याखालच्या ग्रंथींकडे आणि पुढे मानेतील खोल ग्रंथींकडे जाते. ग्रंथीत लिंफ पेशींना त्या जिवाणूची ओळख पटवली जाते, त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि ग्रंथी फुगते. आजीला हाताला लागलेली गाठ ती हीच. ती रोगाची घाण साचून झालेली नसून बहुतेक वेळा तेथे शरीराची लष्करभरती चाललेली असते.

शोथ दीर्घकाळ टिकला तर लसीकावाहिन्यांमध्येच बदल होतात. शोथाच्या जागी जमलेल्या भक्षक पेशी एक वाढप्रेरक प्रथिन स्रवतात आणि जुन्या वाहिन्यांना नवे अंकुर फुटतात. हे प्रथिन आणि त्याला प्रतिसाद देणारा ग्राहक यांचा शोध १९९० च्या दशकात हेलसिंकी येथील कारी आलितालो यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्याच दशकाच्या अखेरीस केवळ लसीकावाहिन्यांवरच ठळकपणे आढळणाऱ्या काही प्रथिनांची ओळख पटली. तोपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली एखादी पातळ भिंतीची पोकळी रक्ताची की लसीकेची, हे ठरवणे बरेचसे अनुमानावर अवलंबून होते. या खुणा हाती आल्या आणि अभ्यासाला भक्कम पाया मिळाला.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. शोथात वाढलेल्या या वाहिन्या उपकारक की अपकारक? एक तर्क असा, की निचरा वाढला तर सूज ओसरेल. उलट तर्क असा, की शाखी पेशी अधिक संख्येने ग्रंथीत गेल्या तर प्रतिकार अधिक भडकेल. हिरडीच्या रोगात दाताभोवतीचे हाड झिजते ते जिवाणूंपेक्षाही शरीराच्या स्वतःच्या भडकलेल्या प्रतिकारामुळे, हे आता सर्वमान्य आहे. मग या वाहिन्या आगीत तेल ओततात की काय?

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका विशेष जातीच्या उंदरांचा उपयोग केला. हेलसिंकी येथे सिद्ध केलेल्या या उंदरांत उपर्युक्त वाढप्रेरक प्रथिन मध्येच अडवले जाते, त्यामुळे त्यांच्या त्वचेत लसीकावाहिन्या नीट वाढत नाहीत. बर्गनच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये असे दाखवले, की या उंदरांच्या हिरडीत लसीकावाहिन्या मुळीच नसतात. निसर्गाने न दिलेला असा हा तुलनेचा दाखला मिळताच पुढचा प्रयोग सरळ होता. हिरडीच्या रोगास कारण होणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जिवाणूची लागण दोन्ही प्रकारच्या उंदरांना करण्यात आली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हिरडीत लसीकावाहिन्या नव्हत्या, त्यांच्या दातांभोवतीचे हाड अधिक झिजले होते. त्याच वर्षी याच गटाने हेही दाखवले, की सामान्य प्राण्यांत हा रोग वाढत असताना हिरडीत नव्या लसीकावाहिन्या तयार होतात. म्हणजे उंदरांपुरते तरी उत्तर स्पष्ट आहे. हिरडीतील लसीकावाहिनी प्रामुख्याने रक्षकाची भूमिका बजावते.

परंतु रक्षकही थकतो. शोथ सुरू असलेल्या ठिकाणी काही पेशी नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सोडतात आणि त्यामुळे मोठ्या लसीकावाहिन्यांचे आकुंचन मंदावते, असे उंदरांवरील प्रयोगांत २०११ मध्ये आढळले. श्वासनलिकेच्या शोथात सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतीतील ‘बटणे’ जाऊन त्या जागी सलग शिवण येते, फटी मिटतात. ज्या वेळी निचऱ्याची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी तो अपुरा पडू शकतो. २००५ मधील एका अभ्यासाने आणखी एक विचार करायला लावणारी गोष्ट दाखवली. उंदरांच्या श्वासनलिकेतील जिवाणू प्रतिजैविकांनी नष्ट केल्यावर वाढलेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत झाल्या, पण नव्या लसीकावाहिन्या तशाच राहिल्या. शोथ गेला तरी त्याची आठवण ऊतीत मागे उरते. माणसाच्या हिरडीत हे सारे किती प्रमाणात घडते, यावर अभ्यास चालू आहे. म्हणून उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावण्याची घाई करू नये.

हिरडीकडून दाताच्या गाभ्याकडे वळले की याच विद्येतील एक जुना वाद समोर येतो. दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेली मऊ ऊती असते. तिला दंतमज्जा म्हणतात; बोलीत दाताची ‘नस’. तिच्यात लसीकावाहिन्या आहेत की नाहीत? १९७७ मध्ये माणसाच्या दंतमज्जेत आणि १९९० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मांजरीच्या दंतमज्जेत त्या असल्याची वर्णने प्रसिद्ध झाली आणि पाठ्यपुस्तकांत तसे छापले गेले. पुढे विशिष्ट खुणा वापरून केलेल्या तपासणीत मतभेद झाले. २०१० मध्ये इटलीतील संशोधकांना मानवी दंतमज्जेत अशा वाहिन्या आढळल्या नाहीत. आधी उल्लेखिलेल्या २०१६ च्या नकाशातही उंदराच्या जिभेत, टाळूत, गालाच्या अस्तरात त्या विपुल होत्या, दंतमज्जेत मात्र एकही नव्हती. आज पुराव्याचे पारडे ‘नाहीत’ या बाजूला झुकलेले दिसते.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हे. कठीण भिंतींच्या कोठडीत कोंडलेल्या आणि निचऱ्याचा नेहमीचा मार्ग नसलेल्या ऊतीला सूज आली, तर तिला फुगायला जागा नसते. किडलेल्या दाढेचा ठणका रात्रीची झोप का उडवतो आणि हिरडीची सूज त्या मानाने का सोसवते, याचे एक कारण येथे सापडते. कोणी हिरडी सुजूनही ‘दुखत नाही’ म्हणून महिनोन्महिने गप्प राहतो, त्यालाही हेच कारण असते. दुखत नाही याचा अर्थ रोग नाही असा नसून निचरा अद्याप चालू आहे एवढाच आहे. तोवर हाड मुकाट्याने झिजत असते, आणि गेलेले हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही.

या वाहिन्यांची दुसरी, अधिक गंभीर बाजूही सांगितली पाहिजे. ज्या वाटेने पहारेकरी पेशी ग्रंथीकडे जातात, त्याच वाटेने तोंडातील कर्करोगाच्या पेशीही मानेत उतरतात. तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्या सवयीमुळे हा रोग आपल्या देशात फार आढळतो. मुंबईत परळ येथे १९४१ पासून सेवेत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी याविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर मानला गेला. तोंडाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असून मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा रुग्णांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. शंभरांमागे बारा जीवांचा हा फरक डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटेची दखल घेतल्यामुळे पडला.

तेव्हा जबड्याखाली गाठ लागली तर काय करावे? दुखरी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ बहुधा शोथाची असते. ती चोळू नये, शेकत बसू नये. तिच्या वरचा दात आणि हिरडी तपासून घ्यावी. मूळ दुरुस्त झाले की गाठ क्रमाने ओसरते. न दुखणारी, कठीण, जागची न हलणारी किंवा दोनतीन आठवड्यांनंतरही न जाणारी गाठ मात्र विनाविलंब वैद्याला दाखवावी. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, बरी न होणारी जखम यांबाबतही हेच. दररोज दोन वेळा दात नीट घासणे, किटण वेळच्या वेळी काढून घेणे आणि तंबाखूला दूर ठेवणे, यांपलीकडे लसीकावाहिन्यांना निराळी मदत करण्याचे औषध अद्याप नाही. जळण कमी झाले तर अग्निशामकांना विश्रांती मिळते, इतकी ही साधी गोष्ट आहे.

हे व्याख्यान ज्या वास्तूत होत आहे तिच्या कपाटांत शरीरशास्त्राची जुनी मराठी पुस्तकेही असतील. त्यांतील कित्येक विधाने आता मागे पडली आहेत. केशवाहिन्या बहुतेक द्रव परत शोषतात, मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्या नाहीत, दंतमज्जेत त्या आहेत, या तिन्ही गोष्टी एकेकाळी पाठ्यपुस्तकांत होत्या. मेंदूच्या आवरणातील वाहिन्या तर २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिल्या. म्हणून ती जुनी पुस्तके टाकाऊ ठरत नाहीत. मागच्या पिढीने काय पाहिले आणि काय तिच्या नजरेतून निसटले, हे समजल्यावाचून नव्या शोधाचे मोल कळत नाही. जुने आणि नवे पुस्तक एकाच फळीवर शेजारी ठेवणारे ग्रंथालय विज्ञानाच्या वाचकाला हीच सोय करून देते. शंभर वर्षे ही सोय सांभाळणाऱ्या संस्थेला पुढील शतकातही असेच जिज्ञासू वाचक लाभोत, ही शुभेच्छा.